चिंचढोह : एक

धरमपेठ, नागपूर
६ जानेवारी २०२५

सुशील,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर यात काय डाव आहे म्हणून तू पाकीट उलटंपालटं करून पाहिलं असतंस.

आठ वर्षांनी लिहितो आहे. तू मानेवाड्याला, मी धरमपेठेत. मध्ये अंतर आठ किलोमीटर, म्हणजे वर्षाला एक. फोन केला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी काय बोललो ते नंतर तुझ्या सोयीने सांगितलं असतंस. त्यापेक्षा कागद बरा. या पत्राची प्रत मी ठेवून घेतली आहे.

काम असं की तुमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयाचा तक्ता माझ्या हाती आला. 'कर्करोगाने झालेले मृत्यू : तालुकानिहाय तुलना, २०१६ ते २०२४.' लाखामागे किती मेले, कोणता तालुका वर, कोणता खाली. वर नागपूर शहर. सगळ्यात खाली, शर्यतीत झोपून गेल्यासारखा, आपला तालुका. मागे गाववार यादी जोडली आहे. तीत आपल्या गावासमोर लिहिलं आहे : चिंचढोह, एक.

नऊ वर्षांत एक. आणि खाली 'संकलन' या शब्दापुढे सही तुझी. शाळेत असल्यापासून तुझा 'शी' मोडलेल्या छत्रीसारखा दिसतो, म्हणून ओळखली.

माझं रविवारचं सदर तू वाचत नाहीस असं तू लोकांना सांगतोस, म्हणून मुद्दाम कळवतो. काल मी त्यात लिहिलं : 'या निरोगी गावात नऊ वर्षांत एकच माणूस कर्करोगाने गेला म्हणे. हा एवढा एकलकोंडा रोगी कोण? त्याचा शोध घ्या, फोटोला हार घाला, ग्रामपंचायतीसमोर सत्कार करा. त्याने एकट्याने गावाचं खातं उघडं ठेवलं.' लोकांना फार आवडलं. सतरा फोन आले.

आता गंमत सोडतो. चिंचढोहमधून कॅन्सरने गेलेले अकरा जण मला नावानिशी माहीत आहेत. मग दहा कुठे गेले? वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवाल्यांनी तुझ्या साहेबाला दिवाळीत काजूकतलीचा डबा पाठवला होता का? की तंबाखू-सुपारीचा खर्रा विकणाऱ्यांनी? की साहेबाला कोणी काही सांगितलंच नाही आणि आपल्याच गावाला निरोगी ठरवायची हौस तुझी एकट्याची?

या तक्त्यावरून ठरणार आहे की तोंडाच्या आणि छातीच्या तपासणीचं केंद्र कोणत्या तालुक्याला द्यायचं. २७ मार्चला बैठक आहे. सगळ्यात खालच्याला कोण देतं? लहानूची सून पायल तुला आठवत असेल. एकोणतीस वर्षांची आहे. तिचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. नागपूरला ये म्हटलं तर म्हणते, येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात, मजुरी कोण देईल. केंद्र तालुक्याला झालं तर ती जाईल. नाही झालं तर तुझ्या पुढच्या तक्त्यात तीही नसेल.

मूळ यादी पाठव. तुझी आई गेली त्या वर्षी एका क्षुल्लक कागदावरून आपलं वाजलं, ते यात आणू नकोस.

कृष्णकांत


११ फेब्रुवारी २०२५

सुशील,

तू उत्तर दिलं नाहीस. दोषी माणूस असाच वागतो. निर्दोष माणूसही असाच वागतो, हे प्रेमलताचं मत. ती तुझी बाजू घेते कारण तू तिच्या वांगीभाताला एकदा बरं म्हणाला होतास.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. नावं झाकली आहेत, पण शहरातले मृत्यू गल्लीवार दिले आहेत. चिंचढोहचं राहिलं बाजूला. मी आता स्वतःच्या जिवाच्या चिंतेत आहे.

आमच्या गल्लीत घरं बावीस. नऊ वर्षांत कर्करोगाने मृत्यू दहा.

दहा! मी भागाकार तीनदा केला. हा दर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या, कोणत्याही गावाच्या कितीतरी पट आहे. ज्या गल्लीत मी एकोणीस वर्षं सकाळचा चहा गॅलरीत बसून प्यालो, ती नागपूर जिल्ह्यातली सगळ्यात घातक जागा निघाली. आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण धरमपेठेतल्या जागेचे भाव पडले असते.

समोरच्या पियूषच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. भाडं तो घेतो आणि किरणं आम्ही. मी त्याला गल्लीत उभं करून विचारलं. तो म्हणाला, काका, टॉवर दोन हजार बावीसला लागला, तुमचे अर्धे लोक त्याआधीच मेले. याने तारखा कशा पाठ केल्या? मला तिथेच संशय आला. नळाचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलं. अहवाल चांगला आला, म्हणजे ती प्रयोगशाळाही त्यांच्यातलीच.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायचं बंद केलं आहे. त्याचा कोळसा कुठून येतो ते त्याला सांगता आलं नाही.

पुढच्या रविवारचं सदर यावरच लिहीन. त्याआधी तुला काही सांगायचं असेल तर सांग.

कृष्णकांत


१४ फेब्रुवारी २०२५

सुशील,

सदर लिहिलं नाही.

काल संध्याकाळी मी प्रेमलताला ते आकडे वाचून दाखवत होतो. ती कढीला फोडणी देत होती. मागे न वळता म्हणाली, "अहो, त्या पियूषले काहून छळून राहिले? आपल्या गल्लीत कॅन्सरने कोण मेलं, एकाचं तरी नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि नाव आलं नाही. कुळकर्ण्यांच्या काकू पडून गेल्या. वकीलसाहेब हृदयाने गेले. टिकेकरांचा मुलगा तर कॅनडात आहे, त्याला मृत म्हणता येत नाही, नुसता येत नाही.

प्रेमलता म्हणाली, "मेले ते आपल्या खालच्या खोलीतले."

कढी उतू गेली. प्रेमलता माझ्याकडे पाहत राहिली म्हणून. नाहीतर तिची कढी उतू जात नाही.

आमची खालची खोली तुला माहीत आहे. वडील चिंचढोहला तीस वर्षं मास्तर होते, तेव्हा गावातलं कोणी आजारी पडून नागपूरला आलं की उतरायचं आमच्याकडे. २०१६ पासून कॅन्सरचेच जास्त यायला लागले. दोन-दोन महिने राहायचे. प्रेमलता त्यांना पातळ वरणभात करून द्यायची, आणि हॉस्पिटलचे कागद मी भरायचो, कारण माझं अक्षर चांगलं आणि खिडकीवरच्या माणसाशी भांडायला मला मजा येते.

आता जे सांगतो ते प्रेमलतालाही कालपर्यंत माहीत नव्हतं.

पत्त्याच्या चौकटीत मी माझा पत्ता लिहायचो. प्रत्येकाच्या कागदावर. घर नंबर चौदा, धरमपेठ. झालं होतं असं : पहिला पेशंट घेऊन मी रांगेत उभा होतो. खिडकीवरच्याने कागदावर 'चिंचढोह' वाचलं आणि सव्वीस दिवसांनंतरची तारीख दिली. माझ्या मागे रामदासपेठेतला एक गृहस्थ होता, मनगटावर घड्याळ लखलखीत. त्याला नऊ दिवस. बस, मी ओळखलं. गावचा पत्ता दिसला की हे लोक माणसाला मागे ढकलतात. त्या दिवसापासून मी चिंचढोहचा एकही माणूस हॉस्पिटलात नेला नाही. सगळे धरमपेठकर नेले.

हॉस्पिटलच्या कार्डावर जो पत्ता, तोच मृत्यूच्या नोंदीत गेला. आणि नोंदीतून तुझ्या तक्त्यात.

म्हणजे तू दहा माणसं लपवली नाहीस. मी लपवली. चांगल्या अक्षरात.

तरी एक विचारतो. माझ्या हिशेबात खालच्या खोलीतून गेलेले अकरा आहेत : लहानू, कोतवालाची बायको, शेवंता, दोघे भाऊ गजभिये, असे आणखी पाच, आणि तुझी आई रुखमाकाकू. आमच्या गल्लीच्या नावावर दहाच आहेत. अकरावा कोण आणि तो कुठे गेला? इथे मात्र तू काहीतरी केलं आहेस.

कृष्णकांत


३ मार्च २०२५

सुशील,

जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात चौकशी केली. पत्ता दुरुस्त होतो. जवळच्या नातेवाइकाचा अर्ज हवा आणि ज्याने चुकीचा पत्ता दिला त्याचं प्रतिज्ञापत्र. म्हणजे दहा ठिकाणी मी शपथेवर लिहायचं की मी खोटं लिहिलं. वकील म्हणाला, कृष्णकांतराव, आपणहून कशाला गळ्यात घेता? मी म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्याच्याच गळ्यात घातलं, एकदा माप घेऊन पाहतो.

शनिवारी चिंचढोहला गेलो. सावनेरच्या अलीकडे एसटी बदलली, पुढे ऑटो. पिशवीत दहा अर्ज.

मला वाटलं होतं, लोक चहा देतील आणि सही देतील. चहा दिला. मग प्रत्येक घरी तोच प्रश्न, वेगवेगळ्या तोंडांनी. सरकारी योजनेतून इलाज झाला होता, तो परत मागणार का? शेताचा फेरफार अडणार का? निवडणूक आहे का? गजभियांच्या प्रशिकने तर मोबाइलवर माझा फोटो काढून ठेवला. पुढे लागेल म्हणाला. मुलगा मला आवडला, माझ्यासारखाच आहे.

लहानूच्या घरी त्याची बायको बायजाबाई होती. पायल चुलीपाशी, पदर तोंडावर धरून. बायजाबाईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, मेलेल्या माणसाचा पत्ता बदलून तुमाले काय भेटते?"

काही नाही, मी म्हटलं.

"मंग काहून फिरून राहिले उन्हातान्हात?"

मी केंद्राचं, तक्त्याचं, लाखामागच्या आकड्यांचं सांगत सुटलो. ती उठली, आत गेली आणि भिंतीवरून एक चौकट काढून आणली. लहानूच्या मृत्यूचा दाखला. काच लावलेली, कडेने प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारची जागा होती ती. भिंतीवर चौकोनी डाग उरला.

तिने बोट ठेवलं तिथे लिहिलं होतं : घर नंबर चौदा, धरमपेठ.

"मास्तरच्या वाड्याच्या पायरीवर उभं राहून पाणी पेत होता माहा नवरा. लहान होता तवा. वरतून ओंजळीत टाकत होते," ती म्हणाली. "मंग कागदावर तुमी त्याले आपल्या घरचा केला. म्या सोयऱ्यायले दाखवलं, पाहा म्हटलं. आता तुमी तो खोडून टाकाले आले."

सुशील, वरून पाणी टाकणारी माझी आई होती, हे तुलाही माहीत आहे आणि बायजाबाईलाही. तिने नाव घेतलं नाही. तुमच्या घरची भाकर मी खायचो तीही आईला न सांगता.

आणि तो पत्ता मी काही लहानूला घरचा करायला लिहिला नव्हता. खिडकीवरच्याला चकवायला लिहिला होता. हे मी बायजाबाईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते तू सांग.

सही कोणी करायला लावली माहीत आहे? पायलने. पदर न काढता, दातांतून बोलत होती : "आई, बाबा इथचे होते नं. मंग इथचेच राहू द्या नं त्यायले." बायजाबाईने अंगठा दिला. मग म्हणाली, हे चौकटीतलं मी काढणार नाही. नवा कागद आला की खाली ठेवीन, हा वर.

मी म्हटलं, ठेव.

कृष्णकांत


२१ मार्च २०२५

सुशील,

दहाही अर्ज दाखल झाले. त्याआधीच्या रविवारी सदरात सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. शेवटी वाचकांना विचारलं : तुमच्या पत्त्यावर कोणकोण मेलं? मला वाटलं शिव्या येतील. चौऱ्याहत्तर पत्रं आली. महालातून, गोधनीतून, जरीपटक्यातून. कोणाची मावशी, कोणाचा सालदार, कोणाचा चुलत सासरा. सगळे 'इलाजाले' आलेले, सगळ्यांच्या कागदावर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता. कोणी म्हणे चिठ्ठी घरी यावी म्हणून, कोणी म्हणे तिथे विचारलंच असं की सध्या कुठे राहता. तुमचं नागपूर शहर कर्करोगात पहिलं का आहे, हे आता तुझ्या साहेबाला समजलं असेल. पत्रांचे गठ्ठे मी तुमच्या कार्यालयात पोचते केले आणि पोच घेतली. शिक्का पुसट होता, म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.

पायल थांबू शकत नव्हती. प्रेमलता स्वतः गावी गेली आणि तिला घेऊन आली. मजुरीचं काय ते दोघींनी आपसांत ठरवलं, मला सांगितलं नाही. मंगळवारी हॉस्पिटलात गेलो. कागद मी भरला. पत्त्याच्या चौकटीत 'मु. चिंचढोह' लिहिलं आणि भांडायच्या तयारीने उभा राहिलो. खिडकीवरच्या पोराने कागद घेतला, पत्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाला, गुरुवार.

दोन दिवस!

मी त्याला नऊ वर्षांपूर्वीचे सव्वीस दिवस आणि नऊ दिवस सांगितले. तो म्हणाला, काका, शेकायचं, म्हणजे रेडिएशनचं, एकच मशीन होतं तेव्हा, त्याची रांग मोठी. त्या दुसऱ्यांना नुसती तपासणी असेल. पत्ता आम्ही कशाला पाहू? पत्ता तर नंतर नोंदीसाठी लागतो.

नोंदीसाठी. मी बाकावर जाऊन बसलो. पायलने मला पाणी आणून दिलं.

पायलच्या गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

आता तुझ्याकडे वळतो. अकरावा अजून सापडत नाही. दहा अर्जांत रुखमाकाकूचा नाही, कारण गल्लीच्या यादीत ती नाही. म्हणजे तू आपल्या आईचं नाव तक्त्यातून काढून टाकलंस. का? साहेबाने नोंदी पाहताना तुझ्या घरचं काही वाचू नये म्हणून? इतरांचे मेलेले मोजायचे आणि आपलं माणूस बाजूला ठेवायचं, ही संकलनाची कोणती रीत? मी दहा घरं उन्हात फिरलो. एका घरी तुलाही जाता आलं असतं. सोमवारी मी नोंदणी कार्यालयात जाऊन काकूची मूळ नोंद काढायला लावणार आहे. तू आलास तर समोरासमोर विचारीन.

कृष्णकांत


२९ मार्च २०२५

सुशील,

पायलचा अहवाल आला. कर्करोग नाही, पण त्या वाटेवर पाऊल आहे. खर्रा बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. ती म्हणाली, बंद करतो. प्रेमलताने तिची पिशवी तपासली आणि दोन पुड्या काढून घेतल्या. संशय हा काही फक्त माझा आजार नाही.

परवाच्या बैठकीने तक्ता परत पाठवला. सगळ्या तालुक्यांचे पत्ते पुन्हा तपासून जूनमध्ये नवा मांडा, केंद्राचं तेव्हा बघू, असं ठरलं. हे तुला माझ्याआधी कळलं असेल.

सोमवारी नोंदणी कार्यालयात गेलो. तू आला नाहीस. खिडकीवर हिमानी म्हणून एक मुलगी होती. मी वर्ष सांगितलं, काकूचं नाव सांगितलं, चुकीचा पत्ता सांगितला. तिने बरीच पानं उलटली. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून म्हणाली, "सर, हे तर दुरुस्त झालेलं आहे. दोन हजार सतरामध्येच."

धरमपेठ खोडलं होतं. वर बारीक अक्षरात चिंचढोह. समासात सही. छत्री मोडलेली.

मी आठ वर्षं 'क्षुल्लक कागद' म्हणत होतो तो हा. तुझ्या आईच्या तेराव्या दिवशी तू माझ्या दारात येऊन म्हणाला होतास, "माही आई चिंचढोहची होती गा. तिले धरमपेठची काहून केली? सोबत चल, दुरुस्त करून घेऊ. बाकीच्यायचेही करून घे." आणि मी पायरीवरून म्हणालो होतो, मेलेल्या माणसाला टपाल येत नाही, सुशील. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की पुढे दोनदा सदरात वापरलं. पहिल्या पत्रात मी हे तुझ्यापासून लपवलं नाही, ते तुला पाठच आहे. मी माझ्यापासून लपवलं.

काकूचा कागद मी भरला तरी खाली माहिती देणारा म्हणून सही तुझी होती, म्हणजे तू एकटाच गेलास आणि करून आलास. बाकीच्यांचं तुला करता येत नव्हतं. नातेवाइकांच्या मागे प्रतिज्ञापत्र माझंच हवं होतं, आणि ते मागायला तू एकदा माझ्या दारात येऊन गेला होतास. पुन्हा का आला नाहीस हे विचारायचं तोंड माझ्याकडे नाही.

हिमानीने विचारलं, सर, काही चुकलंय का यात? मी म्हटलं, नाही, या पानावर हे एकच बरोबर आहे.

बाहेर येऊन झाडाखाली स्कूटरवर बसलो, तेव्हा तुझा तक्ता आठवला. चिंचढोह : एक. तो एक कोण, हे मी छापून विचारलं होतं. त्याच्या फोटोला हार घाला, सत्कार करा, असं लिहिलं होतं. सतरा लोक हसले होते. अठरावा तू वाचत होतास.

सदरात माफी मागणार होतो. लिहायला घेतलं, दुसऱ्याच ओळीत एक विनोद झाला आणि मी कागद फाडला. म्हणून इथेच मागतो, इथे वाचणारा एकच आहे.

जूनच्या तक्त्यात आपल्या गावासमोर अकरा येतील. लहानू, शेवंता आणि बाकीच्यांचे अर्ज माझे. काकूचा तुझा, आठ वर्षं आधीचा.

पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला आहे. घर नंबर चौदा, धरमपेठ. या वेळी खरा आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. येऊन तपासून जा. प्रेमलता वांगीभात करते आहे.

तुझा
कृष्णकांत